अलिबागच्या एसटीत बसायची भीती

चौल ते अलिबाग पंधरा-सोळा किलोमीटर. नागाव, आक्षी करत एसटी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. ज्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स आहे, त्याला या रस्त्यावरचे संडास पाठ असतात. सार्वजनिक कुठे आहे, त्याला पाणी असतं का, कुठला हॉटेलवाला नाही म्हणणार नाही, कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली तर गाडीतली माणसं कशी बघतील. मग सकाळचा चहाही न घेता निघायचं. पुढे कोणी सोबत असेल तरच निघायचं. शेवटी निघायचंच नाही. औषधं लागू पडतात, रक्त थांबतं, वजन चढतं, डॉक्टर म्हणतात, 'आता छान आहे,' आणि माणूस तरीही घरातच.

या भीतीवर उपचार आहे आणि तो मुख्यतः बोलण्यातून होतो. चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात राहून तो कसा मिळवायचा, त्यात काय घडतं आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, ते इथे सांगतो.

आधी आजाराबद्दल थोडं. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि व्रण आणतो. क्रोन्स पचनमार्गात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटलेली असते. ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात तो पोटाचा त्रास वेगळा. त्यात अशी सूज किंवा व्रण नसतात. आपल्याकडे निदानालाच उशीर होतो. रक्त पडलं की आधी मूळव्याध समजून चूर्णं, मग आव समजून गोळ्या. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय तर दुर्बिणीतूनही इतके सारखे दिसतात, की कित्येकांना आधी काही महिने क्षयाची औषधं देऊन पाहावी लागतात. त्यामुळे खरं नाव कळेपर्यंत रुग्णाचा डॉक्टरांवरचा आणि स्वतःच्या शरीरावरचा विश्वास बराच झिजलेला असतो.

अशात कोणी मानसोपचाराचं नाव काढलं की रुग्ण बिथरतो. म्हणजे माझा आजार खोटा आहे, असं म्हणायचंय का? ही शंका उगाच येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने मनातल्या संघर्षाशी जोडलेल्या सात आजारांची यादी मांडली होती. तीत दमा होता, पेप्टिक अल्सर होता आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. वैद्यकाने ती कल्पना केव्हाच मागे टाकली. आपल्या ओटीवर मात्र ती अजून नांदते आहे : 'टेन्शन घेतेस ना, म्हणून होतं तुला.' तर स्पष्ट सांगायला हवं. टेन्शनने कोलायटिस होत नाही. ताणाच्या दिवसांत त्रास वाढल्याचं बरेच रुग्ण सांगतात. मेंदू आणि आतडं मज्जातंतूंनी जोडलेली आहेत, तेव्हा त्यात नवल नाही. पण घरच्यांनी रुग्णावर ठेवायचा तो आरोप नव्हे.

उलट दिशेचं नातं मात्र भक्कम आहे. जगभरातल्या अनेक अभ्यासांची एकत्रित मोजदाद 2021 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आतड्यांच्या दाहाच्या, म्हणजे याच दोन आजारांच्या, रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत चिंतेची आणि एक चतुर्थांश जणांत नैराश्याची लक्षणं आढळली. आजार भडकलेला असताना चिंतेचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. म्हणजे ओपीडीबाहेरच्या बाकावर तुमच्या शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला तुमच्यासारखंच होत असण्याची शक्यता बरीच आहे. तो बोलत नाही, तुम्हीही बोलत नाही.

समुपदेशकाकडे जाण्याआधी

अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, रात्री झोप येत नाही, हे सगळं नैराश्यात होतं. पण रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलं तरी असंच होतं. क्रोन्सने लहान आतड्याचा शेवटचा भाग धरला की बी-12 शोषलं जात नाही, तेव्हाही असंच होतं. थायरॉइडनेही होतं. म्हणून पोटाच्या डॉक्टरांना आधी या तपासण्या करायला सांगा.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसवर काहींची झोप उडते, चिडचिड होते, कुणाला उगाच हुरूप चढतो, कुणाला रडू कोसळतं. हे तुमच्या स्वभावात शिरलेलं काही नाही, गोळीचा परिणाम आहे, आणि तो डॉक्टरांना सांगायचा असतो. गोळी मनाने एकदम बंद करायची मात्र नाही. त्यातून जिवावर बेतू शकतं.

तिसरी गोष्ट : पोटात कळ येते आहे ती आजाराची की भीतीची, हे नुसत्या अंदाजाने ठरवू नका. शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन मोजता येतं. आतड्यात सूज असली की ते सहसा वाढतं. दाह शांत असूनही त्रास होणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि बोलण्याच्या उपचाराचा उपयोग त्यांना चांगला होऊ शकतो. पण रक्त पडणं, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, पोट फुगून दुखणं, यांतलं काहीही असेल तर आधी पोटाचा डॉक्टर. समुपदेशकाची पहिली वेळ पुढे ढकलता येते.

नैराश्य मोजायला पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा झालं, एवढंच तीत विचारतात. झोप, थकवा, भूक यांचे गुण तुमच्या आजारामुळेही चढतील, हे भरताना सांगून टाका. पहिले दोन प्रश्न जास्त बोलके : कशातही रस न वाटणं आणि मन खिन्न राहणं. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा आहे. तिथे 'कधीच नाही' याखेरीज काहीही उत्तर आलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

बोलून काय होतं?

चिंतेसाठी आणि नैराश्यासाठी ज्या पद्धतींचा पुरावा सर्वांत जास्त आहे, त्यांचा गाभा असा : माणसाला त्रास घटनेइतकाच त्या घटनेचा त्याने लावलेल्या अर्थाचाही होतो, आणि त्या अर्थापोटी तो जे करणं टाळतो त्यातून तो अडकत जातो. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ पद्धत मांडली, 1960च्या दशकात ॲरन बेक यांनी विचार आणि वर्तन यांवरचा त्यांचा उपचार उभा केला. मराठी माणसाला ही विचारसरणी परकी नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली, आणि ठाण्यात 1990 साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून घरोघरी नेली. म्हणजे तुम्हाला उपचार करणारा माणूस ही भाषा मराठीत बोलू शकेल, अशी शक्यता चांगली आहे.

समजा, चौलातली चाळिशीची एक बाई आहे. नारळी-पोफळीच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवते. कोलायटिस आता शांत आहे, तरी वर्षभर ती नाक्यापलीकडे गेलेली नाही. समुपदेशक तिला मनातली वाक्यं जशीच्या तशी लिहायला लावेल. 'गाडीत लागलीच तर थांबवता येणार नाही. साडी खराब होईल. नागावची माणसं ओळखीची, गावभर होईल. मग मी तोंड दाखवू शकणार नाही.' कागदावर उतरवलं की दिसतं, की या साखळीत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची खातरी वेगळी आहे. गेल्या महिन्यात किती वेळा घाई झाली? त्यातल्या किती वेळा पोचता आलं नाही? शेवटचं वाक्य तर अंदाजही नाही. तो स्वतःवर ठोकलेला निकाल आहे.

इथे समुपदेशकाला एक गोष्ट कळलेली असावी लागते आणि ती सगळ्यांना कळलेली नसते. विमानाला घाबरणाऱ्याला 'असं काही होणार नाही' म्हणून धीर देता येतो. कोलायटिसच्या रुग्णाला तसं सांगणं खोटं आहे, कारण त्याच्या बाबतीत ते बहुधा एकदा तरी घडलेलं असतं. 'पॉझिटिव्ह विचार करा' हा सल्ला म्हणूनच कुचकामाचा. मला तर तो थोडा अपमानास्पदही वाटतो. घडण्याची शक्यता खरोखर किती, हा अर्धा प्रश्न. आणि घडलंच तर मी काय करीन, हा उरलेला अर्धा, जास्त महत्त्वाचा. त्याचं उत्तर अगदी व्यवहारातलं असतं : पिशवीत कपड्यांचा एक जोड, पॅड, ओले नॅपकिन, पाण्याची बाटली, एक जाड प्लास्टिकची पिशवी. कंडक्टरला काय सांगायचं ते वाक्य आधी मोठ्याने म्हणून पाहिलेलं : 'मला पोटाचा आजार आहे, गाडी बाजूला घ्या.' एलिस यांच्या भाषेत, 'असं होताच कामा नये' हा हट्ट सोडून 'न झालं तर बरं, झालं तर निभावीन' इथवर यायचं. ऐकायला सोपं आहे, रुजायला काही आठवडे लागतात.

मग पायऱ्या ठरतात. आधी नाक्यापर्यंत चालत जाऊन यायचं. मग नवऱ्याबरोबर नागावपर्यंत एसटीने. मग एकटीने. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने अलिबाग, नंतर सकाळच्या गर्दीच्या गाडीने. त्यापुढे मांडवा आणि तिथून मुंबईची बोट. प्रत्येक पायरीआधी भीती शून्य ते शंभर यांत किती, ते लिहायचं. परत आल्यावर पुन्हा लिहायचं. एकच पायरी भीती उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. आजार भडकला तर पायऱ्या तिथेच थांबवायच्या आणि शांत झाल्यावर एक पायरी खाली येऊन पुन्हा सुरू करायच्या. हे अपयश धरायचं नाही. शेवटची पायरी समुपदेशकाने न ठरवता रुग्णाने ठरवावी. चौलच्या माणसाला ती सुचवायलाही नको. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला भोवाळ्याच्या डोंगरावर यात्रा भरते, शेकडो पायऱ्या आणि पाच दिवसांची गर्दी. ज्याने ती आजारपणामुळे सोडली, त्याला यात्रेच्या आधी एखाद्या रिकाम्या सकाळी अर्ध्या डोंगरापर्यंत जाऊन येणंही पुष्कळ झालं.

या काळात काही सवयी सोडायच्या असतात, कारण त्या भीतीला खतपाणी घालतात. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहणं ही पहिली. घरातून निघण्याआधी 'एकदा शेवटचं' म्हणून चार वेळा संडासात जाऊन बसणं ही दुसरी. आणि डॉक्टरांना न विचारता जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडच्या गोळ्या खाऊन निघणं ही तिसरी. आजार जोरात असताना ती गोळी धोक्याची ठरू शकते. कपड्यांची पिशवी मात्र राहू द्या. ती पळवाट नव्हे, तयारी आहे.

नैराश्याची रीत थोडी वेगळी आहे. 'बरं वाटलं की करीन' असं माणूस म्हणतो आणि बरं वाटायची वाट बघत पडून राहतो. उपचारात हे उलट्या बाजूने धरतात : आधी थोडं करायचं, बरं वाटणं मागून येतं. दिवसाचे तास मांडून त्यांत एखादं छोटं काम आणि एखादी आवडीची गोष्ट ठेवायची. सकाळचे पहिले दोन तास पोटाचे असतील तर ते मोकळे सोडायचे आणि बाकीचं दहानंतर. थकवा खरा असल्याने हे मोजूनमापून करावं लागतं. चांगल्या दिवशी साऱ्या वाडीची शिंपणी करून पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचं, हा खेळ थांबवणं हाही उपचाराचाच भाग.

कुठे जायचं, कोणाकडे जायचं

सर्वांत जवळचं ठिकाण अलिबागचं जिल्हा रुग्णालय. तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मानसोपचार ओपीडीचे वार आणि समुपदेशक कधी बसतात, ते फोनवर विचारून मग जा. पोटाच्या उपचारासाठी तुम्ही केईएम, नायर, सायन किंवा जेजेला जात असाल, तर मानसोपचार विभाग त्याच आवारात आहे. पोटाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि दोन्ही तारखा एकाच दिवशी मागा. एका फेरीत दोन कामं होतात, आणि दोन डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळतात. हे दुसरं जास्त मोलाचं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी सुरुवातीला शौचाला पातळ होतं, काहींनी बद्धकोष्ठ होतो. तुमचं पोट कोणत्या बाजूचं आहे हे ठाऊक असलेला डॉक्टर त्याप्रमाणे निवड करतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं या आजारात मनाने घ्यायचीच नाहीत. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर त्यांनी रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

दर आठवड्याला अलिबाग जमणार नसेल तर व्हिडिओवर किंवा फोनवर सेशन होतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवरून समुपदेशन करते. ऑनलाइनची अडचण निराळीच असते : घरात बोलायला जागा नाही. माजघरातला आवाज पडवीत जातो. दुपारी घरची माणसं वामकुक्षी घेत असताना हेडफोन लावून वाडीत बसा. कुठल्या झाडाखाली रेंज येते ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

समुपदेशक म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसरोगशास्त्रात शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देतो. तुमची माहिती गुप्त राखली जाणं हा 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले आहेत. बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्च मात्र देत नाहीत, तेव्हा आधी वाचा.

पहिल्या भेटीत एक कागद बरोबर न्या. आजाराचं नाव, केव्हापासून, कुठली औषधं, ऑपरेशन झालं असेल तर ते, दिवसातून किती वेळा जावं लागतं, कधी कपड्यात झालं आहे का. हे शेवटचं वाक्य तोंडाने निघत नाही म्हणून कागद. आपल्याकडे शौचाबद्दल घरात फक्त लहान मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्या बाबतीत बोलतात. मधल्या वयाच्या माणसाने, त्यातही बाईने, बोलायचं नसतं. मग समुपदेशकासमोर 'जरा पोटाचा त्रास आहे' एवढंच निघतं आणि तो बिचारा चार आठवडे ॲसिडिटीचा विचार करत राहतो. 'परसाकडे' म्हणा, 'संडास' म्हणा, 'टॉयलेट' म्हणा, पण म्हणा. शरीरसंबंधांची टाळाटाळ, लग्न ठरताना आजार सांगावा की नाही, पोटावर शौचाची पिशवी असेल तर तिची लाज, हे सगळं तिथे बोलायचंच असतं.

घरच्या एका माणसाला एखाद्या सेशनला न्या. त्याला तीन गोष्टी कळल्या तरी पुरे. 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य बंद. लग्नाच्या पंगतीत 'थोडं तरी खा, काही होत नाही' हा आग्रह बंद, आणि वेगळं जेवतो म्हणून त्याला पंगतीबाहेर काढणंही बंद. घरात संडास एकच असेल तर सकाळी तो आधी कोणाला, हे भांडणाआधी ठरवून टाका.

आता अपेक्षांबद्दल. या उपचाराने व्रण भरत नाहीत आणि आतड्याची सूज उतरल्याचा ठोस पुरावा नाही. आजवरच्या अभ्यासांत फायदा दिसला तो चिंता, नैराश्य आणि रोजच्या जगण्यात. तोही बहुधा मध्यम, चमत्कारासारखा नव्हे. म्हणून मेसालामाइन असो की दुसरं काही, पोटाचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही. साधारण पाऊण तासाची, आठवड्याला एक अशी आठ ते बारा सेशन धरून चाला. पाच-सहा झाल्यावर समुपदेशकाला सरळ विचारा : आपण कुठून निघालो, कुठवर आलो, पुढे काय? गेल्या महिन्यात टाळलेली एकही गोष्ट या महिन्यात केली नसेल, सेशनमध्ये नुसत्या गप्पाच होत असतील, किंवा 'सगळे मनाचे खेळ आहेत' असं ऐकायला मिळालं, तर माणूस बदला. एक जमला नाही म्हणजे उपचारच जमत नाही, असं होत नाही.

आणि मध्येच आजार भडकला तर सेशन रद्द करू नका, फोनवर घ्या. त्याच आठवड्यांत ते सर्वांत जास्त लागतं. सुरुवातीलाच सांगून ठेवा : मला मध्येच उठावं लागेल, पाच मिनिटांत परत येतो, फोन ठेवू नका.